शंखातला गिलावा

खिडकीखालचा कट्टा मिस्त्रीने घातला तो बायको गेल्यावर एकविसाव्या दिवशी. तिने तो पहिल्यांदा मागितला, त्याला सात वर्षं झाली होती.

सात वर्षांत त्याने लोकांच्या घरी किती कट्टे घातले असतील, त्याचा हिशेब नाही. स्वयंपाकघरातले, अंगणातले, दुकानाच्या दारातले. स्वतःच्या घरी मात्र खिडकीखाली चार विटा इकडे, चार विटा तिकडे आणि वर एक फळी, एवढ्यावर भागलं होतं. फळी हलायची. बायको म्हणायची, "अहो मिस्त्री, जगाचे कोपरे सरळ करता, एक दिवस आमचा नंबर लागेल का?" तो म्हणायचा, "पुढच्या रविवारी." ती म्हणायची, "कुठल्या सालातल्या?"

फळीवर तिच्या बरण्या असायच्या. त्या तिच्या कामाच्या.

शहर संपतं तिथे दलदल लागते. तिच्या काठाला एक बैठी इमारत आहे, तीन खोल्या आणि मागे पत्र्याची शेड. तिथल्या प्रयोगशाळेत ती सोळा वर्षं होती. लागली तेव्हा फरशी पुसायला लागली. मग काचेची भांडी धुवायला लागली. मग एकदा मोठ्या मॅडमच्या लक्षात आलं की या बाईच्या हातून काहीच मरत नाही. तेव्हापासून माश्या वाढवायचं काम तिच्याकडे आलं.

शेजारीपाजारी हसायचे. लोक माश्या मारतात, ही पगार घेऊन पाळते. पण कामामागे कारण होतं. त्या भागातल्या मेंढ्यांना यकृताचा रोग व्हायचा. रोगाचा किडा दलदलीतल्या छोट्या गोगलगायींच्या पोटात वाढायचा आणि तिथून गवतावर, गवतावरून मेंढीच्या पोटात जायचा. गोगलगायींवर विष टाकावं तर मासे मरतात. म्हणून दलदलमाशी. तांबूस पिवळी, घरमाशीपेक्षा बारीक, गवताच्या काडीवर डोकं खाली करून बसणारी. ती स्वतः कुणाला काही करत नाही. तिची अळी मात्र गोगलगाय खाते. शंखात शिरते आणि आतून सगळं साफ करून बाहेर येते.

मिस्त्रीला सुरुवातीला याची शिसारी यायची. पुढे सवय झाली. जेवताना बायको अळ्यांबद्दल बोलायची, तो मालात रेती जास्त झाल्याबद्दल बोलायचा. दोघांचंही एकमेकांना निम्मंच कळायचं आणि निम्म्यावर संसार छान चालला होता.

दलदलमाश्यांच्या पुष्कळ जाती तिने वाढवल्या. अंडी, अळी, कोष, माशी, सगळं बरणीत. एक जात मात्र चार वर्षं हाती लागत नव्हती. अंडी फुटायची, अळ्या निघायच्या, चार-पाच गोगलगायी खाऊन टमटमीत व्हायच्या. आता कोष करणार, असं वाटायचं, आणि एक दिवस सकाळी बघावं तर बरणीत कुणीच नाही. तिने तळाची माती चाळली, कापूस पिंजला, बरणीच्या झाकणाची जाळी भिंगाखाली धरली. अळ्या नाहीत, कोष नाहीत. आणि कोष मिळाल्याशिवाय ती जात वाढवता येणार नव्हती. या हंगामात नाही जमलं तर वरून ते काम बंद करायचं ठरलं होतं.

"सांगा ना, कुठे जात असतील?" ती विचारायची.

"माहेरी गेल्या असतील," मिस्त्री म्हणायचा.

"न सांगता?"

"रागावून गेल्या असतील. तू नव्हतीस का गेलीस?"

"मी दोन दिवसांत परत आले होते. या येत नाहीत."

चार वर्षं हाच विनोद चालला होता. दर वेळी ती नव्याने हसायची.

शेवटच्या खेपेला तिने त्या जातीच्या सहाच्या सहा बरण्या घरी आणल्या. एखाद-दुसरी घरी असायचीच, पण सगळ्याच कशाला, हे त्याने विचारलं नाही. त्याच्या मनात दुसरंच होतं, दूरच्या वस्तीत तीन मजली घराचं काम लागलं होतं. पुढे एका दुपारी ती प्रयोगशाळेत उभ्या उभ्या खाली बसली. डोक्यात रक्तस्राव झाला होता. तिसऱ्या दिवशी गेली. या तीन दिवसांत ती एक शब्द बोलली नाही.

नंतरचे पाच-सहा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. माणसं कमी झाल्यावर मिस्त्रीला बरण्यांची आठवण झाली. तो जवळजवळ धावतच खिडकीशी गेला. कापूस कोरडा पडला होता. अळ्या एकाही बरणीत नव्हत्या. नुसते रिकामे शंख, हरभऱ्याच्या दाण्याएवढे.

त्याने पाणी शिंपडलं. वहीत बायकोने लिहून ठेवलं होतं तसं, दोन वेळा, बेताने. रोज शिंपडत राहिला. काही हललं नाही. अळ्या उपाशी मेल्या आणि मरून विरघळून गेल्या, अशी त्याने समजूत करून घेतली. तिच्या हातून काहीच मरत नसे. त्याच्या हातून आठवड्यात सगळं मेलं.

मेहुणी राहायला आली होती. बायकोची धाकटी बहीण. बोलायला फटकळ, पण रात्री ताईची साडी उशाशी घेऊन झोपायची. विसाव्या दिवशी ती म्हणाली, "भावोजी, त्या बरण्यांचं काय करायचं? वास मारतोय. ताईला मी तोंडावर सांगितलं होतं, तुझ्या घरी पाणी प्यायची भीती वाटते म्हणून."

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली, घरून बाटली आणत जा." आणि मेहुणी हसता हसता रडायला लागली.

तिनेच बरण्या धुतल्या. शंख गाळणीत घेऊन नळाखाली धरले आणि कचऱ्याच्या पिशवीत टाकायला निघाली, तेव्हा मिस्त्रीने हात पुढे केला. "ते दे इकडे."

"कशाला?"

"तिचे आहेत."

दुसऱ्या दिवशी त्याने फळी काढली, विटा काढल्या आणि कट्टा घातला. भिंतीत खाच घेऊन, सळई टाकून, व्यवस्थित. वरचा माल ओला असतानाच पुढच्या कडेला शंखांची ओळ बसवली. सगळे मिळून तीस. पाठ वर, तोंड खाली. तोंड खाली असलं की माल आत शिरतो आणि शंख धरून ठेवतो, नाहीतर दोन वर्षांत निखळून येतो. एकेक शंख अंगठ्याने दाबताना त्याने कुठल्याच शंखात डोकावून पाहिलं नाही. रिकाम्या घरात काय बघायचं?

मेहुणीने कडेवरून बोट फिरवलं. "ताईला आवडलं असतं," म्हणाली. आणि संध्याकाळच्या गाडीने तिच्या घरी गेली.

पुढचे चार दिवस मिस्त्रीने कट्ट्याला पाणी मारलं. नवीन कामाला पाणी मारावंच लागतं. त्यापलीकडे त्या चार दिवसांत त्याने काहीच केलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मोठ्या मॅडम आल्या. केस पिकलेल्या, पायात चिखलाचे बूट. बूट दाराबाहेर काढून मोज्यांवर आत आल्या आणि खुर्चीच्या टोकावर बसल्या. पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलल्या. पगाराचे कागद, राहिलेल्या सह्या.

"मिस्त्री, मी आधीच यायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "धीर झाला नाही. असल्या घरी येऊन काय मागायचं, शंख?"

"कसले शंख?"

"त्या सहा बरण्यांतले. आमच्याकडे एक नियम आहे. अळीने शंख रिकामा केला की तो त्याच दिवशी काढून फेकायचा. राहिला तर आत घाण कुजते, बुरशी धरते, बाकीच्या अळ्या मरतात. मीच घातलाय तो नियम. तिला संशय आला होता की आपण कोषच फेकून देतोय. मला म्हणाली, नियम तुमचा आहे, तो तुमच्या छपराखाली नाही मोडत, घरी नेऊन मोडते. या सहा बरण्यांतला एकही शंख तिने काढला नव्हता. खाली बसली ना, त्याच दिवशी सकाळी मला म्हणाली होती, मॅडम, शंखात काहीतरी पांढरं दिसतंय. आज घरी एका माणसाला दाखवते, त्याला त्यातलं कळतं. तो काय म्हणतो ते उद्या सांगते."

मिस्त्री खिडकीकडे बघत होता.

"तो माणूस कोण, ते मला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला माहीत आहे?"

त्याला ती सकाळ पाठ होती. या पंचवीस दिवसांत त्याने ती हजारदा आठवली होती. डबा, घाई, पायरीवर ठेवलेली थापी, साडेसातची वेळ. पण ती बोलत काय होती, ते मात्र त्याने आठवलं नव्हतं, कारण त्या दिवशी त्याने ते नीट ऐकलंच नव्हतं. आता ऐकू आलं.

"अहो मिस्त्री, जरा इकडे या. हा चुना आहे का बघा."

"कुठला चुना?"

"शंखाच्या आत. अगदी तोंडाशी नाही, थोडा आत. पांढरं आहे, सपाट. तुमच्या हातचं काम वाटतंय बघा."

"बुरशी असेल."

"बुरशी मला कळते. चुना तुम्हाला कळतो. म्हणून तर बोलावतेय."

"अगं, आठला स्लॅब ओतायचाय, मिक्सर येऊन उभा राहील. संध्याकाळी बघतो."

"बरं, संध्याकाळी बघा. मी काय पळून जातेय?"

त्याने मॅडमना सगळं सांगितलं. सकाळचं सांगितलं, आणि मग कट्ट्याच्या कडेवर हात ठेवून तेही सांगितलं. मॅडम उठून कट्ट्याजवळ आल्या. ओळीने बसवलेल्या तीस गोल पाठी त्यांनी बघितल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "तोंडं खाली?"

"खाली."

"सिमेंटमध्ये?"

"चार दिवस झालेत. अजून कच्चं आहे."

त्याने पेटी उघडली. छिन्नी काढली, पुन्हा ठेवली. हातोडीच्या धक्क्याने हरभऱ्याएवढा शंख टिकणार नव्हता. स्वयंपाकघरातून पातळ पात्याची सुरी आणली, बायको कांदा चिरायची ती. पाणी टाकायचं, सुरीच्या टोकाने शंखाभोवती खरवडायचं, पुन्हा पाणी टाकायचं. घरं बांधायला लागल्यापासून इतकं बारीक काम त्याने कधी केलं नव्हतं. मॅडम शेजारी ताटली धरून बसल्या.

पहिला शंख पिचला. आत सिमेंट गच्च भरलं होतं, आणि सिमेंटमध्ये चेपलेलं तपकिरी टरफल. मॅडमनी ते चिमट्याने उचललं.

"कोष आहे," त्या म्हणाल्या. आवाज बदलला होता. "चार वर्षं शोधतोय आम्ही हा."

"जिवंत आहे?"

"नाही."

दुसराही तसाच. तिसरा, चौथा. काही शंखांत पांढऱ्या पातळ पापुद्र्याचे तुकडे सिमेंटबरोबर आत ढकललेले दिसत होते. काहींत कोष नव्हताच. दुपार झाली. मिस्त्रीच्या बोटांतून रक्त यायला लागलं. मॅडम म्हणाल्या, "थोडं थांबा." तो म्हणाला, "तिला पण हेच सांगितलं होतं मी." मॅडमनी ताटली आणखी जवळ सरकवली.

एकोणिसावा शंख अख्खा निघाला. मिस्त्रीने त्याच्या तोंडातलं सिमेंट सुईच्या टोकाने कोरून काढलं, पाण्याच्या थेंबाने धुतलं आणि बॅटरीचा उजेड आत सोडला.

तोंडापासून थोडं आत एक भिंत होती. पांढरी, नखाहून पातळ, या कडेपासून त्या कडेपर्यंत. त्याने शंख फिरवून सगळीकडून पाहिला. कुठे फट नाही, कुठे फुगवटा नाही, जिथे भिंत शंखाला टेकते तिथे सांधा दिसत नाही. त्याचं सिमेंट तिथवर येऊन थांबलं होतं. पुढे गेलं नव्हतं.

आयुष्यभर त्याने दुसऱ्याच्या कामाला सहजासहजी चांगलं म्हटलं नव्हतं. गवंडी म्हणतच नाहीत.

"नीरू मारलाय," तो म्हणाला.

"काय मारलाय?"

"गिलाव्यावर शेवटचा हात मारतात ना चुन्याचा, गुळगुळीत, तो. हिने आतून मारलाय. आत बसून स्वतःला कोंडून घेतलंय." त्याने शंख ताटलीत ठेवला. "चुनाच आहे हा."

एवढं सांगायला त्याला जवळजवळ चार आठवडे लागले होते. आणि ज्याला सांगायचं होतं ते माणूस समोर नव्हतं.

तीसपैकी दोन शंख धड निघाले. मॅडमनी ते न्यायला डबी काढली. मग त्याच्याकडे बघून डबी परत ठेवली आणि तिच्याच एका बरणीत ओला कापूस घालून शंख त्यावर ठेवले. "हलवायला नको. इथेच राहू देत," म्हणाल्या. "पण नुसता कोष पुरणार नाही. शंखातून माशी बाहेर आलेली दिसायला हवी. तरच ही तीच जात, हे ठरतं. तरच काम चालू राहील."

"येईल बाहेर?"

"सिमेंटमध्ये चार दिवस होते, मिस्त्री. खोटं कशाला सांगू."

बरणी ठेवायला कट्टा होता, पण त्याची कड आता पोखरून निघाली होती. बरणी त्याने मागे भिंतीशी ठेवली. कामावर गेला नाही. ठेकेदाराचा फोन आला, त्याने सांगितलं घरी काम आहे. "कसलं काम?" "पाणी मारायचंय." ठेकेदाराला ते पटलं.

सकाळी आणि संध्याकाळी, बेताने. मधल्या वेळात तो समोर स्टूल टाकून बसायचा. मॅडम रोज कामावर जाताना येऊन जायच्या. मेहुणीला फोनवर सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "भावोजी, गाळणीत मीच धरले हो ते."

"तू धुतलेस. पुरले मी."

"ताईने दोघांना सोललं असतं."

"सोललं असतं," मिस्त्री म्हणाला. ते ऐकायला त्याने काहीही दिलं असतं.

अकराव्या दिवशी सकाळी, मॅडम दारात बूट काढत असताना, एका शंखातली पांढरी भिंत कडेला तडकली. मिस्त्रीला आधी दिसलं. त्याने हाक मारली नाही, नुसता हात वर केला. मॅडम मोज्यांवर धावत आल्या.

आतून काहीतरी ढकलत होतं. माशीच्या कपाळावर पाण्याने भरल्यासारखा एक फुगा होता, तो फुगायचा, आक्रसायचा, पुन्हा फुगायचा. "त्याच फुग्याने फोडतात," मॅडम कुजबुजल्या. "एकदा बाहेर आल्या की तो फुगा कायमचा आत जातो." नीरूचा तुकडा गळून पडला. मग दुसरा. डोकं आलं, पाय आले, आणि ओली, फिकट, चुरगळलेली माशी शंखाच्या काठावर येऊन उभी राहिली.

अर्ध्या तासाने उजवा पंख पसरला. डावा पसरला नाही. तसाच गुंडाळलेला राहिला.

"सिमेंटमधला चुना लागला असेल," मिस्त्री म्हणाला. चुन्याने काय होतं, ते त्याच्या दोन्ही हातांवर लिहिलेलं होतं. "माझाच."

"असेल. किंवा नसेलही. एवढ्यावर भागेल, मिस्त्री. जात ओळखू येते." मॅडमचे डोळे भरले होते. त्यांनी बायकोची वही उघडली. शेवटच्या पानावर तिच्या अक्षरात सहा बरण्यांची नावं होती, पुढे रकाने, आणि ज्यात चार वर्षं नुसत्या रेघाच पडल्या होत्या तो 'माशी निघाली'चा रकाना अजून मोकळा. मॅडमनी तारीख घातली. "खाली लिहायचं असतं, शंखातला चुना पहिल्यांदा कोणी पाहिला. तुमचं नाव घालू?"

"मला बघा म्हटलं होतं. मी नाही बघितला," तो म्हणाला. "तिचं घाला."

मॅडमनी तिचं नाव लिहिलं. माशी गवताच्या काडीवर चढून डोकं खाली करून बसली, अख्खा पंख पाठीवर, दुसरा बाजूला लोंबत. मॅडम काडीसकट तिला नळीत घालून घेऊन गेल्या. तिला ठेवून घ्यावं असं त्याला वाटलं, पण त्याने मागितली नाही. बायकोने कधी कुणाला ठेवून घेऊ दिली नसती. दुसरा शंख तो आणखी महिनाभर भिजवत राहिला. तो उघडला नाही.

मॅडम गेल्यावर मिस्त्री स्टुलावर परत बसला. समोर फुटलेला शंख होता आणि कापसावर नीरूचे दोन तुकडे. कट्ट्याच्या कडेला तीस खड्डे. सात वर्षांनी घातला आणि पाचव्या दिवशी फोडला. ती म्हणाली असती, अहो मिस्त्री, याला काम म्हणतात का?

"माहेरी नव्हत्या गं गेल्या," तो मोठ्याने म्हणाला. "इथेच होत्या. दार लावून बसल्या होत्या."

आणि दर वेळी ती जितका वेळ हसायची, तितका वेळ तो थांबला.